पायाच्या अंगठ्याला दोरा

देवमनमामांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला एक खाच आहे. अंगठ्याच्या मुळाशी, गोल, कायमची. चाळीस वर्षं तिथे दोरा अडकवून त्यांनी हार बांधले, त्याची ती खूण. अकोल्यात मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरलं की फुलांची ओळ लागते, तिथे त्यांचा ओटा आहे. उजवा पाय लांब करून बसायचं, दोऱ्याचा फास अंगठ्यात घालायचा, दोरा डाव्या हाताने ताणून धरायचा आणि उजव्या हाताने दोन-दोन शेवंती लावत गाठी मारत जायचं. लहानपणी मी समोर बसून बघत असे. मामा गिऱ्हाइकाशी बोलत, मामीला चहा सांगत, मधेच कोणाला तरी शिवी देत, आणि हार आपला लांब होत जाई. अंगठा हलत नसे.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. तोंड लवकर सरळ झालं, हात चार-पाच महिन्यांत बराचसा परतला. पाय तेवढा मागे राहिला. काठी घेऊन, जरा ओढत, ते चालू लागले. पण खरी अडचण चालण्याची नव्हती. ओट्यावर बसून अंगठ्यात दोरा घातला आणि ताणला, की पाऊल थडथड उडू लागे. फुलं गाठीतून निसटून मांडीवर पडत. मामा दोरा आणखी ताणत. पाऊल आणखी उडे. शेजारच्या ओट्यावर नारळ विकणारे महादेवराव एकदा म्हणाले, "देवमन, तुह्या पायाची तं शिलाई मशीन झाली रे." मामा हसले नाहीत. शेवटी त्यांचा मुलगा शुभम म्हणाला, "बाबा, तुमी घरी बसा. ओट्याचं मी पायतो."

तेव्हापासून मामांचा कोणावरही विश्वास राहिला नाही.

चहात साखर कमी पडली की त्यांना वाटे, मुद्दाम. मामी, म्हणजे तानुबाई, शेजारणीशी हळू बोलली की ते काठी आपटत. ओट्याचा परवाना त्यांच्या नावावर होता आणि दिवाळीआधी तो नवा करायचा होता. शुभमचं म्हणणं, आता माझ्याच नावावर करून घेऊ. मामा म्हणाले, "मी अजून जिता हावो." त्यानंतर घरात त्यावर कोणी बोललं नाही. विषय मात्र तिथेच होता, दारामागे काठी उभी असते तसा.

मी अमरावतीत एम.ए. करते. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर माझी खोली आहे. जवळच्या एका कॉलेजात लकवा झालेल्या माणसांच्या पायाच्या नसांचा अभ्यास चालू आहे, सहा महिने उलटून गेलेले पेशंट हवे आहेत, असं मला कळलं. मी शुभमला फोन केला. तो लगेच म्हणाला, "घेऊन जा ना. मी बसमधी बसवून देतो. दर शनिवारी." एरवी बापाला दवाखान्यात न्यायचं तर शुभमला तीनदा सांगावं लागे. त्याचा हा उत्साह माझ्या लक्षात आला होता. मी त्याकडे फार बघितलं नाही. मामांनी बघितलं.

बसस्टँडवर उतरल्या-उतरल्या ते म्हणाले, "शुभम्यानं आज मले खिडकीची जागा पकडून देली. पान्याची बाटली देली. काहून देली असंन?"

"तुमी बाप हाय त्याचे," मी म्हटलं.

"थे तं मी आंधी बी होतो."

कॉलेजातल्या त्या खोलीत एक मागे झुकणारी खुर्ची होती, एक संगणक, वायरी, आणि भिंतीवर माणसाच्या नसांचं मोठं चित्र. संध्या मॅडम तिथे पीएचडी करत होत्या. तिशीच्या असतील. चांदूर बाजारच्या. बोलणं नेमकं, आवाज कधी चढत नसे. त्यांनी चार पानांचं संमतीपत्र माझ्याकडे दिलं आणि म्हणाल्या, "मोठ्याने वाचून दाखवा. काही घाई नाही."

मी वाचू लागले. "या अभ्यासातून तुमच्या पायाला थेट फायदा होईलच असे नाही..."

मामांनी हात वर केला. "थांब. फायदा नाही?"

"नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "हा उपचार नाही. लकव्यानंतर पायाचे निरोप कोणत्या वाटेने जातात-येतात, ते बघायचंय. पुढच्या पेशंटांना त्याचा उपयोग होईल."

"पुढचे पेशंट माह्ये कोन लागते?"

मॅडमना हसू आलं. मामांना नाही. मी पुढे वाचलं. "तुम्ही कोणत्याही वेळी, कारण न सांगता, या अभ्यासातून बाहेर पडू शकता."

"हे पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मामांनी दोन्ही हात काठीच्या मुठीवर ठेवले. "सोयरीक जमवताना जो म्हन्ते ना, कवाबी मोडा, आमाले काई वाटनार नाही, त्याच्या घरी काईतरी भानगड असते. आमच्या आत्याच्या पोरीचं असंच झालं." मग मॅडमकडे वळून, "बाई, हा कागद कुठी जाईन?"

"कपाटात. कुलूप असतं."

"किल्ली कोनापाशी?"

"माझ्यापाशी."

"आमच्या घरच्या कोनाले दाखवनार?"

"तुम्ही सांगितल्याशिवाय कोणालाच नाही."

मामांनी मला पेन घ्यायला लावलं आणि चारही पानांवर जिथे-जिथे कोरी जागा होती तिथे आडव्या रेघा मारायला सांगितल्या. बाजारात कागदावर सही करायची तर अशीच, म्हणजे मागाहून कोणी काही घुसडत नाही. मॅडमनी ते होऊ दिलं. मग मामांनी परतलेल्या हाताने, एकेक अक्षर दाबत, सही केली.

त्यांच्या पोटरीवर मॅडमनी स्पिरिट लावून दोन चकत्या चिकटवल्या. गुडघ्याच्या मागच्या खळगीत एक बोथट दांडी धरली. टक् असा बारीक आवाज झाला आणि पोटरी उडाली. पडद्यावर एक लाट उठली आणि विरली.

"म्या नाही हालवला," मामा ताबडतोब म्हणाले.

"माहीत आहे, काका. नसेला हलका करंट दिला. निरोप इथून पाठीच्या कण्यात गेला आणि तिथूनच पोटरीकडे परत आला. डोक्यापर्यंत जावंच लागलं नाही."

"डोक्याले न इचारता?"

"हो. सगळ्यांचंच असं असतं."

"असंन," मामा म्हणाले. "आमच्या घरी तेच चालू हाये."

त्या दिवशी वीस-पंचवीस वेळा करंट दिला. दर टक् नंतर मामा पडद्याकडे, मग मॅडमच्या बोटांकडे, मग माझ्याकडे बघत. परतीच्या बसची वाट बघताना त्यांनी मला विचारलं, "थ्या लाटा पाहून कळते का, मानूस कामाचा हाये का नाही?"

"तसं काही कळत नाही, मामा."

"तुले कोनं सांगतलं? तिनं?"

त्यांच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं. त्यांना वाटत होतं की तिथून एक कागद निघणार. देवमनचा पाय निकामी, असा. तो शुभमच्या हातात पडणार आणि ओटा जाणार.

पुढच्या शनिवारी लाटा वेड्यावाकड्या आल्या. एक लहान, एक लहान, मग अचानक दुप्पट उंच. पुन्हा लहान. मॅडमनी चकत्या बदलल्या, दांडीची जागा तपासली, वायरी काढून पुन्हा लावल्या. करंट तेवढाच होता. तरी मधूनच एखादी लाट उडी मारे. एरवी शांत असणाऱ्या मॅडमच्या कपाळावर आठी आली. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"काका, तुमी पाय आवळून राहिले का?"

मामांचे डोळे बारीक झाले. "म्या कायले आवळू?"

"मले काय माहीत कायले. पन काईतरी तुमी करून राहिले."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "पाह्यलं? आतापरेंत पुस्तकातलं बोलत होती. आता आपली बोली काहाडली. म्हंजे कुठीतरी तिचं अडलं." थोडं चालून पुन्हा थांबले. "आन् थे मशीन तिच्याच हातात हाये ना? लाट मोठी कराची का लहान, थे तिच्याच बोटात हाये."

म्हणजे तिला वाटत होतं की हे फसवतायत, आणि ह्यांना वाटत होतं की ती फसवते. मी दोघांच्या मधे बसून, भिंतीवरच्या चित्रातल्या त्या लाल-पिवळ्या नसा बघत राहिले होते. त्यातली प्रत्येक कुठून तरी निघत होती आणि कुठे तरी पोचत होती.

तिसऱ्या शनिवारी मी मामांच्या डाव्या बाजूला बसले, आणि मला ते दिसलं. सदऱ्याच्या डाव्या खिशात त्यांचा हात होता. खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं एक टोक बाहेर आलं होतं. करंट येण्याची वेळ झाली असं त्यांना वाटलं की खिशातली मूठ गच्च आवळली जाई, नुसत्या कापडावरूनही दिसावं इतकी. कधी त्यांचा अंदाज बरोबर येई. मग लाट उडी मारे. अंदाज चुकला की मूठ सैल सुटलेली असे आणि लाट लहान येई. चार वेळा मी बघितलं. पाचव्यांदा म्हणाले, "मॅडम, त्यांच्या खिशात काहीतरी आहे."

मामांनी माझ्याकडे वळून बघितलं. तशी नजर त्यांनी माझ्यावर कधी टाकली नव्हती.

"तू बी?" ते म्हणाले.

खिशातून निघालं ते हार बांधायच्या दोऱ्याचं रीळ. अर्धं संपलेलं, घामाने ओलसर. लकवा झाला त्या दिवशी ओट्यावर जे चालू होतं तेच, असं नंतर मामीकडून कळलं. परक्या ठिकाणी जाताना ते खिशात घेऊन येत आणि धरून बसत.

मॅडमनी ते हातात घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, राहू द्या तुमच्याचपाशी. आता मी सांगते तेव्हाच मूठ आवळा. पडदा तुमच्याकडे फिरवते. माझी बोटंही बघा. करंटचा आकडा हा इथे, तो मी बदलणार नाही."

"सोडा." टक्. लहान लाट.

"आवळा." टक्. उंच.

"सोडा." लहान.

"आता मी सांगतो," मामा म्हणाले. मग कितीतरी वेळ ते मनात येईल तशी मूठ आवळत आणि सोडत राहिले, न सांगता, मॅडमना चकवायला. लाटेने एकदाही चुकीचं सांगितलं नाही. शेवटी त्यांनी रीळ मांडीवर ठेवलं.

"हात इकडचा. पाय तिकडचा. आन् पायाले हाताचं कसं कळते?"

"कण्यात सगळे निरोप एकमेकांच्या शेजारून जातात. हात जोरात आवळला की तिथली सगळी वस्ती जागी होते. मग पायाचं उत्तर जोरात येतं."

"म्हंजे पाय जिता हाये."

"पाय मेलाच नव्हता. पण उत्तर मोठं येतं म्हणजे पाय बरा झाला, असं नाही. उलट तेच तुमचं दुखणं आहे."

मामांनी वाकून चप्पल सारली, रिळाचा दोरा सोडला, फास केला आणि अंगठ्याच्या खाचेत घातला. हे त्यांनी घरातल्या माणसांसमोरही सहा महिन्यांत केलं नव्हतं. दोरा ताणला. पाऊल वर खेचलं गेलं आणि थडथड सुरू झालं. खुर्चीचा पत्रा वाजू लागला.

मॅडम खाली बसून बघत होत्या. "ताणता तेव्हाच होतं ना? डोकं एरवी वरून पायाला सांगत असतं, जरा दमानं घे. तो निरोप आता नीट पोचत नाही. तुम्ही दोरा ओढला की पोटरी ताणली जाते, ती लगेच उलट ओढते. तुम्ही परत ओढता, ती परत ओढते."

"मंग थरथर थांबवाले मी आनखी तानून धरतो."

"आणि हात आवळता."

"आन् हात आवळतो." मामांनी दोरा सोडून दिला. पाऊल हळूहळू शांत झालं. "इतके दिवस, बाप्पा. मीच त्याले नाचवून राहिलो होतो."

त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आनंद नव्हता. घरातच हरवलेली वस्तू आपल्याच उशाखाली सापडावी, तसं काहीतरी. पण ते फार टिकलं नाही. ते सावरून बसले आणि म्हणाले, "बाई, मंग असं करा. मले एक कागद लिहून द्या. का देवमनचा पाय कामाचा हाये."

"तसं नाही देता येत, काका. या लाटांवरून कोणाचा पाय कामाचा आणि कोणाचा नाही, हे लिहिताच येत नाही. तुमच्या मुलालाही मी फोनवर हेच सांगितलं."



"कोन्त्या पोराले?" मामा म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग सरळ त्यांच्याकडे. "शुभम. मंगळवारी फोन आला होता. पाय कामाचा राहिला नाही असं पत्र मिळेल का, म्हणाले. मी नाही म्हटलं. तुमचं काहीच त्यांना सांगितलं नाही. खरं तर हे तुम्हाला मीच आधी सांगायला हवं होतं."

मामांनी चप्पल घातली. रीळ खिशात ठेवलं. दारापाशी जाऊन वळले. "तुमी देलं नाही," ते म्हणाले. हा प्रश्न होता की आभार, ते कळलं नाही. मॅडम "नाही" म्हणाल्या. मग आम्ही निघालो.

त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर अकोल्याला गेले. मूर्तिजापूर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. कपाशी फुटली होती. मग एकाएकी म्हणाले, "तुले माहीत होतं?"

"फोनचं नाही. परवान्याचं माहीत होतं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

घरात भांडण नको म्हणून, असं मी म्हणणार होते. पण ते पूर्ण खरं नव्हतं. अमरावतीला मामांना मी घेऊन जाते, याचं घरात कौतुक होत होतं आणि मला ते आवडत होतं. शुभमला इतकी घाई का, हे विचारलं असतं तर ते संपलं असतं. मी बाहेरच्या कपाशीकडे बघू लागले. मामांनी रीळ उजव्या खिशात टाकलं, माझ्यापासून लांबच्या.

स्टँडवरून ते घरी न जाता सरळ ओट्यावर आले. शनिवारची संध्याकाळ, गर्दीची वेळ. शुभम पुष्पगुच्छांना कागद गुंडाळत होता. बापाला बघून तो उठला.

"बस," मामा म्हणाले. "बूट काढ."

"काहून?"

"काढ. मोजा बी काढ."

शुभमने माझ्याकडे बघितलं. मी शेवंतीच्या टोपलीकडे बघितलं. त्याने बूट-मोजा काढला. मामा काठी बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसले, त्याचा पाय आपल्याकडे ओढला, खिशातून रीळ काढलं आणि त्याच्या अंगठ्यात फास घातला.

"बाबा, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. माहा पाय उडत होता तवा बी पायतच होते."

महादेवराव नारळ सोलता सोलता थांबले. "काय रे देवमन, पोराले दाव्याले बांधलं का?"

"पळाला असता म्हनून बांधलं," मामा म्हणाले. त्यांनी दोन शेवंती उचलल्या. पहिली गाठ वाकडी बसली, दुसरीही. उजवी बोटं अजून मंद होती. तिसऱ्या गाठीला त्यांनी सवयीने दोरा जोरात ओढला आणि शुभम कळवळला, "बाबा, दुखते!"

मामांचा हात थांबला. त्यांनी त्या पांढऱ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघितलं. मग दोरा सैल केला, मूठ सैल केली, आणि हळू हळू, पहिल्यांदाच शिकल्यासारखे, गाठी मारत गेले. वीतभर हार झाल्यावर मान वर न करता म्हणाले, "अमरावतीच्या बाईले फोन केलता तू."

शुभमचा पाय हलला. दोरा होता म्हणून फार हलला नाही. "बाबा, मले वाटलं... तुमाले तरास होते. आन् परवाना..."

"त्या बाईनं तुले लिहून देलं नाही. मले बी देलं नाही. मी बी मांगतला होता." दोन फुलं, एक गाठ. "अर्ज कुठी हाये?"

"गल्ल्यात."

"काहाड. भर. इथंच बसून."

शुभमने हात लांबवून अर्ज काढला आणि मांडीवर पाट घेऊन भरायला बसला. परवानाधारकाच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं. मामांचे हातही थांबले. गिऱ्हाईक उभं होतं, तेही थांबलं. मग शुभमने लिहिलं. देवमन, पुढे वडिलांचं नाव, पुढे आडनाव.

"मदतनीस म्हनून तुहं लिही," मामा म्हणाले. "तू बी काई मेला नाहीस."

हार पुरा झाला. कुठे दाट, कुठे विरळ. गिऱ्हाइकाने तोच मागितला. मामांनी तो दिला नाही, दुसरा दिला. सही करायच्या आधी त्यांनी मला अर्ज मोठ्याने वाचायला लावला आणि कोऱ्या जागांवर रेघा मारायला. मी वाचला, रेघा मारल्या. मग तो माझ्या हातातून घेऊन त्यांनी महादेवरावांकडे दिला आणि त्यांच्याकडून पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. तोवर शुभमचा अंगठा दोऱ्यातच होता.